बाराव्या बोटाची रेघ

मित्रांनो, परवा तुमच्यातलीच एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि आईला म्हणाली, "ही भाजी चिरायची फळी इथे कशाला टांगली आहे?" मला हसूच आलं. मी एक जुनी फळी आहे, माझ्या कडा झिजल्या आहेत आणि अंगावर चरे आहेत, हे सगळं खरं. पण भाजीचं एक पानसुद्धा माझ्यावर कधी चिरलं गेलं नाही. मी मासे मोजायची फळी. एकोणतीस वर्षं मी नदीकाठी काम केलं. त्यातली आठ वर्षं मी खोटं बोलले, आणि माझ्या खोटेपणाची कुणाला शंकासुद्धा आली नाही. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोडक्या होडीच्या तळातून झाला. होडी भंगारात निघाली, तेव्हा सुताराने तिची एक धड फळी उचलली, रंधा मारला आणि एका टोकाला उभी पट्टी बसवली. माशाचं तोंड त्या पट्टीला टेकवायचं आणि शेपूट कुठवर जातं ते पाहायचं, एवढंच माझं काम. त्या काठावर लांबी बोटांनी मोजत. आता बोट कुणाचं धरायचं, यावरून सकाळभर वाद झाला. मासेमारांचा म्होरक्या उंच आणि लांब पायांचा होता, त्याला सगळे बगळेआबा म्हणत. त्याचं बोट काडीसारखं बारीक. बोट जितकं बारीक तितका मासा जास्त बोटांचा भरतो, म्हणून मासेमारांना अर्थातच तेच बोट हवं होतं. शेवटी सुताराने सात जणांची बोटं शेजारी शेजारी ठेवून मधलं माप काढलं आणि तापलेल्या सळईने माझ्यावर चोवीस रेघा ओढल्या. बारावी रेघ मुद्दाम खोल डागली आणि तिच्यात लाल रंग भरला.

त्या लाल रेघेला कारण होतं. आमच्या नदीत तांबूस परांचा एक मासा होता, त्याला सगळे लालपऱ्या म्हणत. लालपऱ्याची मादी बारा बोटांची झाली की पहिल्यांदा अंडी घालते. त्यासाठी ती वरच्या अंगाला, गोट्यांवरून खळखळ वाहणाऱ्या उथळ पाण्यात जाते. त्याआधीच ती जाळ्यात गेली, तर तिच्या मागे कुणीच उरत नाही. म्हणून नियम साधा होता. बारा बोटं भरली तर मासा टोपलीत, नाही भरली तर परत नदीत.

नियम पाळायला नदीखात्याने एक माणूस नेमला होता. तो दिवसभर मासे मोजायचा आणि त्यातले कितीतरी पाण्यात सोडून द्यायचा. लोक म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. त्याचं नाव पडलं मापाडीकाका. काकांनी ते नाव हसून घेतलं, पण माप मात्र कधी हसण्यावारी नेलं नाही. ते आधी मला नदीत बुडवून भिजवत, कारण कोरड्या लाकडाने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. ओल्या फडक्याने ते माशाचे डोळे झाकत, की तो शांत होई. मग तोंड पट्टीला, शेपूट रेघेला. रेघेला केसभर कमी असला तरी मासा नदीत जायचा, मग तो खुद्द बगळेआबाचा का असेना. आबा तोंडाने कुरकुरायचा, पण काकांचा शब्द त्याने कधी मोडला नाही. नदीकाठी काकांच्या शब्दाला वजन होतं आणि त्यात थोडा वाटा माझाही होता. त्याचा मला फार अभिमान होता.

धक्क्याच्या मागेच काकांचं दोन खोल्यांचं घर होतं. संध्याकाळी काकू मला घासून धुवत आणि ओट्यावर उभी करून ठेवत. काकांची लेक माझ्यासमोर रांगली, माझ्या रेघांवर बोट ठेवून मोजायला शिकली आणि बघता बघता काकूंच्या खांद्याला लागली. मासे वाढवण्याचं शिक्षण घ्यायला ती घराबाहेर पडली, त्या दिवशी तिने माझ्यावर एक सुती दोरी ताणून धरली आणि दर बोटाला एक गाठ मारली. बारावी गाठ लाल दोऱ्याची. घराची आठवण म्हणून ती दोरी तिने बरोबर नेली. कुणाला सांगणार मी, पण त्या दिवशी मलाही फार एकटं वाटलं.

पुढच्याच वर्षी काका तापाने पडले. ते दिवस मासेमारीचे, नेमके भर हंगामातले. काकू म्हणाल्या, तुम्ही पडून राहा, मी बघते. पदर खोचून त्या धक्क्यावर उतरल्या आणि आठ दिवस त्यांनी मासे मोजले. आठव्या दिवशी संध्याकाळी एका दांडग्या माशाने अशी उसळी मारली की मी दगडावर आपटले आणि माझी पट्टी वरून फुटली. सुतार गावाला गेलेला. काकूंनी घरी येऊन मोडक्या खुर्चीच्या हाताचा एक तुकडा घेतला आणि वरवंट्याने माझ्यावर ठोकला. दोन खिळे वाकले, तिसरा सरळ गेला. पट्टी अगदी पक्की बसली. फक्त ती फुटक्या पट्टीच्या जागी न बसता तिच्या पुढे बसली. तुकडा एक बोट जाड होता. माझी पहिली रेघ त्याच्याखाली झाकली गेली.

आलं का तुमच्या लक्षात? आता अकरा बोटांचा मासा ठेवला की त्याचं शेपूट लाल रेघेला लागू लागलं. रेघा सुरुवातीपासून कोण मोजतं? सगळ्यांची नजर त्या लाल रेघेवर. मी ओरडून सांगितलं असतं, पण लाकडाला तोंड कुठे असतं!

काका बरे होऊन आले, तेव्हा काकूंनी मोठ्या अभिमानाने मला त्यांच्यापुढे धरलं. काकांनी पट्टी हलवून पाहिली. ती जराही हलली नाही. ते म्हणाले, सुताराने आता दुसरं काम शोधावं. काकू दिवसभर खुशीत होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी एका आजारात काकू गेल्या. तेव्हापासून रोज सकाळी पहिला मासा मोजण्याआधी काका त्या पट्टीवरून अंगठा फिरवत. त्या पट्टीत काही खोट असेल, हे त्यांच्या मनात येणार तरी कसं?

पहिली दोन-तीन वर्षं आनंदीआनंद होता. टोपल्या भरून जाऊ लागल्या. लोक म्हणाले, नदी पावली. माझं तर कौतुकच कौतुक. पट्टी बदलली आणि फळी शुभ झाली, असं बगळेआबाने चारचौघांत सांगितलं. माझं जितकं कौतुक झालं तितकं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पाण्यात सोडायच्या पोरी मी रोज टोपलीत पाठवत होते.

मग मासा आटला. उथळ पाण्यातल्या गोट्या हंगामातही मोकळ्या राहू लागल्या. लोकांनी बंधाऱ्याला दोष दिला, पावसाला दिला, शेवटी पाणकावळ्यांना गोफणीने हाकलू लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. आणि हळूहळू कुजबुज सुरू झाली की मापाडी कुणाकुणाचे लहान मासे टोपलीत जाऊ देत असेल, त्यातून स्वतःचीही टोपली भरत असेल. ते काकांच्या कानावर आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. वही उघडून बसले, पण वहीतला एकेक मासा बारा बोटांचा होता.

काकांची लेक एव्हाना खालच्या अंगाला मत्स्यबीज केंद्रात काम करत होती. तिथे अंड्यांतून पिल्लं काढतात आणि नदीत सोडतात. तिने बाबांकडे लालपऱ्याच्या माद्या मागितल्या, चांगल्या बारा बोटांच्या. काकांनी निवडून निवडून सहा पाठवल्या. एकीच्याही पोटात अंडं नव्हतं. पुन्हा सहा पाठवल्या, पुन्हा तेच. तेव्हा तिने खुंटीवरची जुनी दोरी काढली आणि माद्यांना लावून पाहिली. प्रत्येक मादी अकराव्या गाठीला संपत होती. आधी तिला वाटलं, दोरी आटली असेल. पण दोरी आटली असती तर मासा मोठा भरला असता, हा तर लहान भरत होता. मग तिला वाटलं, बाबांचे डोळे गेले. ती पहिल्या गाडीने घरी आली.

ओट्यावर बसून तिने ती दोरी माझ्यावर ताणली. दोरीचं टोक पट्टीला आणि लाल गाठ तेराव्या रेघेवर. तिने पुन्हा ताणली. मग पट्टीकडे पाहिलं, त्या वाकलेल्या दोन खिळ्यांकडे पाहिलं. घरात असे वाकडे खिळे कोण ठोकायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. काका चहा घेऊन आले आणि तेराव्या रेघेवरची लाल गाठ पाहून सगळं समजले. सोनारानेच कान टोचले, पण टोचताना सोनाराच्याच डोळ्यांत पाणी आलं.

ती म्हणाली, "बाबा, पट्टी बदलू आणि गप्प बसू. कुणाला काही कळणार नाही."

काका म्हणाले, "माशांना कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी सगळे धक्क्यावर जमले. काकांनी मला उलट्या होडीवर ठेवलं, दोरी लावून दाखवली आणि सरळ सांगितलं की आठ वर्षं माझं माप एका बोटाने खोटं होतं, तुमची नदी त्यामुळे रिकामी झाली. मला वाटलं, आता मला चुलीत घालतील. पण बगळेआबाने विचारलं, "ही पट्टी ठोकली कुणी?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. काकांचा अंगठा माझ्या पट्टीवर होता.

"मी," काका म्हणाले. "तापातून उठलो होतो, घाई केली."

मित्रांनो, त्या माणसाने आयुष्यभरात केसभर माप कमी-जास्त सांगितलं नव्हतं. तेवढं एकच सांगितलं. लेकीने होडीवरची दोरी उचलली आणि गुंडाळायला घेतली.

बगळेआबा पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "तुझी एकट्याची चूक नाही रे, मापाडी. मासा आमच्या हातातून जायचा. हलका लागायचा. हाताला कळत होतं, पण फळी म्हणतेय ना बारा, म्हणून आम्ही गप्प बसलो."

वरच्या डोहात तीन वर्षं जाळं टाकायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं. सोपं नव्हतं ते. काही घरांतली माणसं कामासाठी बाहेर गेली. काकांवर रागावलेली दोन-चार माणसं त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाहीत. सुताराने ती पट्टी काढून मला नवी बसवली, योग्य जागी. काकांनी जुना तुकडा सदऱ्याच्या खिशात ठेवला. केंद्रातून पिल्लं आली, वरच्या डोहात वाढली. तिसऱ्या वर्षी, पिल्लं किती वाढली ते पाहायला धरलेली एक मादी माझ्यावर आली, भिजलेली, गार, जड. चौदा बोटं भरली. काकांनी तिच्या डोळ्यांवरचं फडकं काढलं आणि तिला गोट्यांच्या पाण्यात सोडलं. माझ्यावर मोजलेला तो शेवटचा मासा. त्यानंतर आकडे छापलेल्या प्लॅस्टिकच्या फळ्या आल्या आणि लेकीने मला या केंद्राच्या भिंतीवर आणून टांगलं.

आता इथे मला कुणी भिजवत नाही. अंग तडकत चाललं आहे. पाण्याची फार आठवण येते. पण तुम्ही येता, माझ्याकडे पाहता, हेही कमी नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. जी वस्तू दुसऱ्यांना मोजते, तिलाही वर्षातून एकदा कुणीतरी मोजावं. आणि हाताला काही वेगळं लागलं, तर फळी काहीही म्हणो, गप्प बसू नये. नदीला तेवढंच हवं असतं.

जवळ या आणि नीट पाहा. माझं सगळं अंग काळवंडलं आहे, पण पहिलं बोट उजळ आहे. आठ वर्षं ते झाकलेलं होतं. काका दर आठवड्याला काठी टेकत येतात आणि त्या उजळ जागेवर अंगठा ठेवून थोडा वेळ उभे राहतात. आजही येतील. तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं, ते त्यांच्यापुढे बोलू नका. त्यांना विचारलंत, तर पट्टी त्यांनीच ठोकली होती.