मोटेवर आलेला आळ

मित्रांनो, केजच्या बाजूला एका ओढ्याकाठी जुनी विहीर आहे. तिच्याजवळच्या बाभळीला एक सुरकुतलेली चामड्याची पिशवी लटकलेली दिसते ना, तीच मी. मी एक जुनी मोट आहे. बैलांच्या जोरावर विहिरीचं पाणी वर आणायचं आणि वावराला पाजायचं, हा माझा जन्माचा धंदा. आता मला कुणी ढुंकूनही पाहत नाही.

माझा जन्म निजामाच्या राज्यातला. गावात कातडी कमावणाऱ्या धुळाजीने मला बाभळीच्या सालीत कितीतरी दिवस मुरवलं, अरीने टाके घातले, करंजीचं तेल पाजलं. टाका असा घट्ट, की थेंब निसटायची बिशाद नव्हती. बदल्यात त्याला सुगीत खळ्यावरचं धान्य मिळे. त्यावरच त्याची चूल पेटे. एक गोष्ट मात्र मला कधीच उमगली नाही. त्याच्या हातांनी घडलेली मी दिवसभर विहिरीत डुंबत असे आणि त्याला विहिरीच्या काठाला शिवायचीही मुभा नव्हती. माणसांची ही रीत माझ्या चामड्याच्या डोक्यात काही शिरली नाही.

माझा मालक गहिनीनाथ बैल हाकता हाकता गाणी म्हणे. त्याची बायको बायनाबाई अनवाणी पाटात उभी राहून मेथी-लसणाच्या वाफ्यांना पाणी फिरवी. पाहुणे आले की गहिनीनाथ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "मोट न्हाई, लेक हाय माजी!" मी तेव्हा फुगून टम्म होत असे, नुसत्या पाण्याने नव्हे.

मग सातासमुद्रापार मोठी लढाई पेटली. पलटणीच्या बुटांसाठी चामडं हवं म्हणून एका ठेकेदाराने ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखाना घातला. तिथे बाभळीची साल वापरत नसत. पाण्यात क्रोम नावाचे केशरी खडे विरघळवले की कातडं झटपट तयार होई. उरलेलं पाणी ओढ्यात सोडून देत. ओढ्याचं पाणी जमिनीतून झिरपत आमच्या विहिरीत आलं. पिवळसर, जिभेला बोचणारं पाणी. तेच मी पोटात भरून वर आणत राहिले.

मेथी करपली. बायनाबाईच्या पायांना गोल, खोल जखमा पडल्या. त्या दुखत नसत आणि भरतही नसत. गहिनीनाथ आधी घाबरला आणि मग संतापला. त्याने धुळाजीला बोलावून घेतलं.

"का रं असं केलंस? रोगानं मेलेल्या जनावराचं कातडं लावलंस न्हवं? त्याचं इख उतरलंय पान्यात!"

"न्हाई मालक, लेकराची आन," धुळाजी दुरूनच हात जोडून म्हणाला. "मोट बाजूला ठिवा. मडक्यानं पानी काडून बगा."

बायनाबाईने मडकं सोडलं. पाणी तसंच पिवळं निघालं. धुळाजीचा चेहरा क्षणभर उजळला. पण गहिनीनाथ कडाडला, "म्हंजी समदी हीरच नासवलीस की!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. ओढ्याच्या वर जाऊन पाहावं, हे कुणाच्याही मनात आलं नाही. मला बाभळीला टांगलं. नवी मोट आणली ती नेमकी त्याच कारखान्यातली, चकचकीत, निळसर झाक असलेली! सुगीत धुळाजी खळ्यावरून रिकामी पाटी घेऊन परतला. त्या दिवशी मला रडता आलं असतं, तर मी एक वाफा भिजवला असता.

पोटासाठी धुळाजी त्याच कारखान्यात कामाला लागला. दिवसभर त्याचे हात त्या केशरी पाण्यात असत.

पुढे एका दुपारी तो ओढ्याच्या वाटेने चालला होता. बायनाबाईने हाक मारली. तो थांबला, पण हात घोंगडीत लपवू लागला.

"दाव की, काय झालंय?"

त्याने हात पुढे केले. त्यांवर तशाच गोल, खोल जखमा होत्या. बायनाबाईने आपली पावलं पाहिली, पुन्हा त्याचे हात पाहिले.

"अवो," ती पलीकडे बैल हाकणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "ही मोट तर हितं झाडाला हाय. मंग ह्याच्या हाताला कुनी खाल्लं?"

गहिनीनाथाने बैल थांबवले. त्याने मला झाडावरून उतरवलं आणि धुळाजीपुढे ठेवलं. "चुकलं माजं, धुळाजी. हिला दुरुस्त कर. सुगीचं धान्य तुला पैल्यावानी मिळंल."

धुळाजीने माझ्या उसवलेल्या टाक्यांवरून मायेने हात फिरवला. कमरेला खोचलेली टाके घालायची अरी काढली. ती बोटांतून गळून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली.

"आता न्हाई जमायचं, मालक," एवढंच तो बोलला आणि वाटेला लागला. मला पुन्हा बाभळीला टांगलं.

मित्रांनो, मला तेलपाणी नको. माझे दिवस सरले. पण कधी तुमच्या विहिरीचं पाणी नासलं, तर हाताशी सापडेल त्या गरिबावर बोट रोखू नका. ओढ्याच्या काठाकाठाने वर चालत जा आणि काय चाललंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आमच्यापैकी एक जण जरी वेळेवर गेला असता, तरी धुळाजीचे हात वाचले असते.