उलट्या टांगलेल्या डोलखुर्चीचा उपवास

मी डोलखुर्ची बोलतेय. जरा सांभाळून घ्या, कारण आज मला इतका आनंद झालाय की एका जागी स्थिर राहवत नाही.

मला एका सुतारानं बनवलं, स्वतःच्या म्हातारपणासाठी. माझ्या डाव्या हातावर त्याच्या दोन्ही मुलांच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत. मी कोणाची, हे सांगायच्या आतच सुतार गेला. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्यानं मला उचलून आपल्या शिवणकामाच्या दुकानात आणलं. गल्लीच्या टोकाला बेकरी चालवणारा धाकटा त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनासा झाला. नऊ वर्षं दोघं भाऊ एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसून एकच गाणं गात आले.

माझा शिंपी, म्हणजे थोरला, तसा भाविक. ईस्टरआधीचे चाळीस दिवस तो चहातली साखर सोडायचा, उशी सोडायचा आणि कोणी विचारलं नाही तरी सगळ्यांना सांगायचा. यंदा चर्चच्या पाळकांनी उपदेश केला की तारणाची वाट अरुंद आहे, स्वतःला नाकारा, सगळ्यात प्रिय असेल ते सोडा. झालं! शिंप्यानं मला सोडलं. नुसतं सोडलं असतं तर बायको बसली असती, म्हणून मला दोरीनं बांधून छताच्या कडीला उलटं टांगलं.

काय मजा सांगू! पंखा लागला की मी गरगर फिरायची. वरून सगळ्यांची टकलं दिसायची. गिऱ्हाईक मान वर करून विचारायचं आणि शिंपी नजर खाली घालून, गळ्यातली टेप कुरवाळत, आपला त्याग इत्थंभूत सांगायचा. त्या नादात पाळकांच्या झग्याचं माप चुकलं. रविवारी म्हणे गुडघ्याखाली नुसते पाळकांचे मोजेच दिसत होते, आणि पुढच्या बाकावरच्या बायकांना हसू आवरेना.

परवा शिंप्याची बायको तोच झगा उसवत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "साखर सोडलीत, उशी सोडलीत, खुर्ची सोडलीत. भावावरचा राग तेवढा घट्ट धरून ठेवलात."

संध्याकाळपर्यंत शिंप्यानं एक टाका घातला नाही. मला वाटलं रुसला, पण तो रडत होता. मग स्टुलावर चढून त्यानं दोरी कापली. मी थेट त्याच्या डोक्यावर आले. टेंगूळ आलं तरी तो थांबला नाही, तसाच मला डोक्यावर घेऊन गल्लीतून निघाला.

धाकटा पीठ मळत होता. "ही तुझ्याकडे राहू दे," थोरला म्हणाला. "नऊ वर्षं चुकलो मी."

धाकट्यानं पिठानं भरलेले हात त्याच्या गळ्यात टाकले. मग थोरल्यानं त्याला माझ्यावर बसायचा आग्रह केला, तर धाकटा ओशाळला. "मीपण खुर्चीच सोडलीय रे दादा. महिनाभर उभ्यानं जेवतोय."

थोरला पोट धरून हसत खालीच बसला. धाकटाही त्याच्या शेजारी बसला.

आता मी बेकरीत आहे. दोघी जावा आळीपाळीनं माझ्यावर डुलतात. उद्या ईस्टर, दोघांचा उपवास सुटेल. पण आधी कोणी बसायचं यावरून भावांची आत्ताच जुंपलीय. "दादा, तू." "छे, आधी तू." नऊ वर्षं मी याच भांडणाची वाट पाहत होते. माझी एवढीच विनंती आहे, कृपा करून कोणी सोडवायला येऊ नका.