पडद्यामागचा डावखुरा नवरा

मी एक जुना पडदा आहे. पडदा म्हटला की मागं काहीतरी लपवलंय असं समजू नका, मित्रांनो! मी सिनेमाचा पडदा. आखाडा बाळापूरच्या बाजारात फिरता सिनेमा दाखवणाऱ्या अल्लाबक्षची बायको हलीमा, तिनं १९३४ साली मांजरपाटाच्या चार पट्ट्या जोडून मला शिवलं.

खेळाआधी अल्लाबक्ष मला पाण्यानं भिजवी, म्हणजे चित्र आरपार उमटे. पुढं पुरुष बसत, मागं बाया. रीतच तशी होती. मोठ्या चित्राआधी एक छोटं गमतीचं चित्र लागे. त्यात टोपीवाला साहेब आणि त्याची मडम. मडम पाठमोरी झाली की साहेब पातेल्यातला घास चोरून तोंडात टाकी. ती वळली की गाल फुगवून भिंतीकडं बघत बसे. बोलणं नाही, आवाज नाही, तरी लोक हसून लोळत. परक्या मुलखातलं हे जोडपं यांना इतकं ओळखीचं कसं वाटतं, याचं मला भारी कुतूहल. मागून बाया म्हणत, “आमच्या घरचं ध्यान बी असंच हाये!” पुढं पुरुष मात्र साहेबाची कीव करीत.

एका बाजाराला यशोदाबाई रडवेली होऊन हलीमाकडं आली. तिचा नवरा मसाजी मेंढरं राखणारा, मोठा हेकट गडी. गेल्या खेळानंतर ती घरी सहज म्हणाली, साहेब डाव्या हातानं जेवतो. मसाजी म्हणाला, उजव्या. शब्दानं शब्द वाढला.

“म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलं, हलीमाबी. तरी म्हंतात, लबाड बाई घरात नगं. उद्या मला हट्ट्याला, माहेरी नेऊन घालनार हायेत.”

हलीमानं तिला मागं बसवलं. साहेबाचं तेच चित्र सुरू होताच ती पुढं जाऊन म्हणाली, “मसाजीदादा, जरा मागं चला.”

“बायांत काहून येऊ?”

“बायको खोटी हाये का न्हाई, बराबर पाहून घ्या.”

पुरुष खिदळले. मसाजी मान खाली घालून माझ्या कडेनं मागं आला. वर पाहतो तर साहेबाचा डावा हात! तो पळत पुढं गेला. उजवा! पुन्हा मागं. डावा! लोक चित्र सोडून त्यालाच बघू लागले. शेवटी तो सगळ्या बायांदेखत म्हणाला, “यशोदे, तू खोटी न्हाईस. म्याच एका बाजूनं पाहून राहिलो व्हतो.”

यशोदाबाईनं डोळे पुसले. “आता मला बी तुमच्या बाजूनं पाहू द्या,” ती म्हणाली. अल्लाबक्षनं रीळ पुन्हा लावलं आणि ती पुरुषांच्या बाजूला नवऱ्याशेजारी जाऊन बसली. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

आता १९४८ साल आहे. मी विरलोय. पुढून चित्र लख्ख दिसावं म्हणून नवा मालक मला मागून काळं अस्तर लावायचं म्हणतो. मित्रांनो, मला ठिगळं लावा, उंदरांपासून जपा, पण ते अस्तर नको. मागं बसलेली एखादी खरं सांगत असेल, तर तिथं जाऊन ते पाहता तरी आलं पाहिजे.