लायसन नसलेल्या घरची मोटारसायकल

मित्रांनो, मी बॅटरीवर चालणारी एक मोटारसायकल आहे. वयाने फार जुनी नाही, पण उभी राहून राहून अकाली म्हातारी झाले.

कारखान्यात माझी वायर न् वायर तपासून मला दुकानात धाडले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होते. तिथे एक घड्याळजी आले. बायको वारलेली, एकुलती एक लेक पुलापलीकडे सासरी. दोन बस बदलून तिच्याकडे जाताना त्यांचा जीव मेटाकुटीला येई. बॅटरीच्या गाडीला लायसन लागत नाही, असे विक्रेत्याने बिनदिक्कत सांगितले. ते शेजारच्या ओळीतल्या, सावकाश धावणाऱ्या छोट्या गाड्यांपुरतेच खरे होते. घड्याळजींनी मात्र पसंत केले मला.

पहिल्याच फेरीत पुलाच्या तोंडाशी पोलिसाने अडवले. पेट्रोल नसले म्हणून काय झाले, एवढ्या वेगाच्या गाडीला मोटारसायकलचेच लायसन लागते, असे त्याने समजावले. घड्याळजी ओशाळले. भरल्या बॅटरीनिशी मला ढकलत त्यांनी घरी आणले.

मग त्यांनी कंबर कसली. रस्त्यावरच्या खुणा पाठ केल्या, शिकवणाऱ्या मास्तरांना मागे बसवून मैदानात पाय न टेकता आठाचे आकडे काढले. माझी तर चंगळच झाली. पण परीक्षेत दूरच्या फळ्यावरची अक्षरे त्यांना काही केल्या वाचता येईनात. चष्म्यानेही हे सुधारणार नाही, असे सांगून डॉक्टरांनी हात टेकले.

"अहो, घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग दिसते मला," घड्याळजी परीक्षकांना म्हणाले.

"काका, ती हातात असते. समोरून येणारा माणूस लांब असतो," परीक्षक हळूच म्हणाले.

तेव्हापासून मी जिन्याखाली. शेजारच्या गाड्या धुळीने माखून परतत, तेव्हा मला त्यांचा फार हेवा वाटे. सुट्टीच्या दिवशी घड्याळजी मला पुसत, चार्जिंगला लावत आणि माझ्यावर नुसते बसून राहत. लेकीचा फोन आला की गाडी दुरुस्तीला दिलीय, अशी थाप मारत.

एकदा ती न सांगता आली आणि थाप उघडी पडली. वय झालं आता, एवढेच ते म्हणाले. डोळ्यांचे मात्र लपवले. ती रागावली नाही. तिने रीतसर शिकाऊ लायसन काढले, परीक्षा दिली, पास झाली. त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

"तुला उपयोग होईल," ते म्हणाले. "येता-जाता दिसशील तरी."

आता मी रोज धावते. तिच्या कामाची वाट त्यांच्या घड्याळांच्या दुकानावरूनच जाते. ते दारात उभे असतात. ती घाईत हात हलवते आणि निघते. तिला वाटते, बाबांनी पाहिले. त्यांना समोरचा रस्ता धूसर दिसतो, आणि मला इंजिनाचा आवाजही नाही. आम्ही गेल्यावरही ते वाट पाहत उभे असतात, हे मला माझ्या आरशात दिसते. मला ओरडावेसे वाटते, पण माझा हॉर्न मला स्वतःला वाजवता येत नाही.

मित्रांनो, लायसन जरूर काढा. माझ्यासारखीलाही ते लागते. पण कोणी दारात उभे असेल, तर हात हलवून भागवू नका. गाडी थांबवा, उतरा आणि त्यांना दिसाल इतके जवळ जा.