नमुन्यातला नवरदेव

युद्ध तिकडे सुरू झालं आणि ब्रह्मपुरीत लग्नं वाढली.

एका लांबच्या, बलाढ्य देशाच्या सरकारनं दुसऱ्या एका देशावर बॉम्ब टाकायला घेतले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, चार दिवसांचं काम आहे. चौथ्या दिवशी म्हणाले, आता कुठे सुरुवात झाली. सहाव्या आठवड्यात त्यांनी शेजारचा आणखी एक देश घेतला, कारण पहिल्यात पाडण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. या सगळ्यात समुद्रातली वाट बंद झाली, गॅसची जहाजं पलीकडेच अडकली, आणि इकडे बायनाबाईच्या मेसमधली शेगडी फुस्स करून विझली.

बायनाबाईची मेस कॉलेजच्या मागच्या गल्लीत होती. जेवायला बावीस मुली, सगळ्या पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. कोणी कोरपन्याकडची, कोणी पार हेमलकशाच्या पुढची. पहाटे मैदानावर धावायच्या आणि धावून आल्या की भाताच्या गंजाकडे अशा बघायच्या की गंजालाच घाम फुटावा. मैदानी चाचणी महिन्याभरावर आली होती. मेस बंद पडली तर मुली आपापल्या गावी जाणार, आणि एकदा गावी गेलेली मुलगी मैदानावर परत येत नाही हे बायनाबाईनं दहा वर्षांत नीट पाहून ठेवलं होतं. खुशबू नावाची मुलगी मागच्या वर्षी दोन गुणांनी राहिली होती. तिच्या बापानं तिला हे शेवटचं वर्ष दिलं होतं.

लाकडं आणावीत तर जंगलात वाघ. वाघाचा युद्धाशी काही संबंध नव्हता, तो आपला नेहमीसारखाच बसलेला, पण फॉरेस्टवाले सरपणाला कोणाला जाऊ देईनात. विजेची शेगडी घ्यावी तर सगळ्या गल्लीनं एकाच आठवड्यात घेतल्या आणि डीपी उडाली. तांदळाला मात्र तोटा नव्हता. बाहेरदेशी जायचा तांदूळ जहाजांअभावी मिलच्या गोदामात पडून होता आणि धान पिकवणारे मिलच्या दारात नुसते बसून असायचे. ज्या तालुक्यात तांदूळ ठेवायला जागा नव्हती, त्याच तालुक्यात तो शिजवायला आग नव्हती.

वरून रोज सांगण्यात येई की टंचाई नाही. टंचाई आहे असं म्हणणाऱ्यावर अफवा पसरवल्याचा गुन्हा दाखल होईल. त्यामुळे एजन्सीसमोर चारशे माणसं रिकामी सिलिंडरं घेऊन मुकाट उभी असत, आणि कोणी विचारलंच तर सांगत की सकाळची हवा खायला आलो. एक सूट होती. लग्नपत्रिका दाखवली तर दोन मोठी सिलिंडरं मिळत.

म्हणून लग्नं वाढली.

पत्रिका छापायचा नूर मोहम्मद. त्याचं प्रेस बसस्टँडजवळ होतं आणि युद्धाचा फायदा झालेला तालुक्यातला तो एकटाच प्रामाणिक माणूस. बायनाबाई त्याच्याकडे गेली तेव्हा त्यानं काही विचारलंच नाही, नुसतं कॉम्प्युटरवर नमुना उघडला. नमुन्यात अकरा वर्षांपासून मिथुन आणि सरिता यांचं लग्न लागत होतं. नावं कोणती टाकू म्हणाला. बायनाबाईला ना पोर ना पुतण्या. ती म्हणाली, राहू द्या हीच. फक्त वर कोपऱ्यात नमुन्यातलाच बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, तो तिनं काढायला लावला.

"खोट्या कागदावर बाबासाहेब नको, नूरभाऊ."

नूर मोहम्मदनं मान डोलावली आणि त्या जागी दोन पोपट बसवले.

नावं बदलायचा आळस फक्त बायनाबाईनंच केला होता असं नाही. त्या महिन्यात मिथुन आणि सरिता यांचं नऊ ठिकाणी लग्न ठरलं. पत्रिका तपासणाऱ्या बाबूच्या ते लक्षात आलं. यंदा हे नाव लई चालून राह्यलं, एवढं म्हणून त्यानं शिक्का मारला.

दोन सिलिंडरांवर अठरा दिवस मुली पोटभर जेवल्या. बायनाबाई भात उतरवला की शेगडी बंद करायची आणि वरण त्याच वाफेवर ठेवायची. अठराव्या दिवशी, म्हणजे पत्रिकेतल्या लग्नाच्या तारखेला, सकाळी गॅस संपला आणि प्रफुल आला.

प्रफुल हा भाऊसाहेबांचा माणूस. भाऊसाहेब तालुक्याचे पुढारी, निवडणूक तोंडावर आलेली. युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात त्यांनी चौकात त्या बलाढ्य देशाला पाठिंब्याचा बॅनर लावला होता, फटाके फोडले होते. त्या देशाला ब्रह्मपुरी नकाशात सापडली असती का हे सांगता येत नाही, पण पाठिंबा पोचला असावा, कारण बॉम्ब वाढले. आता गॅस गेल्यावर लोक बॅनरकडे बघून थुंकायला लागले होते. तेव्हा भाऊसाहेबांनी ठरवलं की एका गरिबाच्या लग्नाला जायचं, पंगतीत जेवायचं, आणि टंचाई नाही हे कॅमेऱ्यापुढे दाखवून द्यायचं. प्रफुलनं शिक्के मारणाऱ्या बाबूकडून पत्रिकांचा गठ्ठा मागवला होता. सगळ्यात वर बायनाबाईची होती.

बायनाबाईनं त्याला समजावून पाहिलं की लग्न साधंच आहे, भाऊसाहेबांनी कशाला त्रास घ्यावा. प्रफुल ऐकेना. मंडप तोच आणणार होता, माइक तोच आणणार होता, पन्नास कार्यकर्ते तोच आणणार होता. फक्त लग्न आणि जेवण तिच्याकडे. जाता जाता त्यानं हेही सांगितलं की ज्यांनी लग्न न करता सिलिंडर उचललं, त्यांच्यावर गुन्हे लागून राहिले आहेत, दुकानं सील होऊन राहिली आहेत.

चाचणीला बारा दिवस उरले होते. बायनाबाई रिकाम्या शेगडीपुढे बसून राहिली. मुलींनी तिला चार उपाय सुचवले. त्यातल्या एकात खुशबू नवरीचा शालू नेसणार होती आणि तिचीच मैत्रीण फेटा बांधून नवरदेव होणार होती. बायनाबाई नको म्हणाली.

भाऊसाहेब त्याच दिवशी अकराला येणार होते, अडीचला आले. अकरा गाड्या होत्या, प्रत्येकीवर 'इंधन बचाव यात्रा' असं लिहिलेलं. उतरल्या उतरल्या त्यांनी माइक धरला. युद्धाच्या काळात देश कसा खंबीर असावा लागतो हे सांगितलं. आपला देश कोणाशीच लढत नव्हता, त्यामुळे खंबीर राहणं सोपं होतं. मग ते मिथुनवर आले.

"मिथुनले मी लहानपणापासून ओळखतो. माह्या मांडीवर खेळलेला पोरगा हाये तो. आज त्याच्या लग्नात एक तरी सिलिंडर कमी पडला का, विचारा त्याले!"

टाळ्या पडल्या. कॅमेरावाल्यानं नवरा-नवरी समोर आणा म्हणून हात केला. त्याच वेळी प्रफुल आत शिरला. मंडपात टेबलावर नुसती फुलं होती आणि फोटो नव्हता, बौद्धाघरचं लग्न आणि बाबासाहेबांचा फोटो नाही हे टीव्हीवर बरं दिसलं नसतं. बायनाबाईच्या भिंतीवर होता. रोज सकाळी त्याच्यापुढे उभी राहून ती पंचशील म्हणायची, त्यातलं खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना गेले अठरा दिवस तिचा आवाज खाली जायचा. प्रफुलनं स्टुलावर चढून हात वर केला.

"फोटोले हात लावू नको, प्रफुल."

"पाच मिनिटासाठी पायजे, बाई. लगेच आणून देतो."

"खाली उतर."

तो उतरला नाही, म्हणून ती बाहेर गेली. पदर खोचलेलाच होता. मंडपात भाऊसाहेबांसमोर उभी राहिली. माइक चालूच होता.

"भाऊसाहेब, इथी लग्न नाई. मिथुन नावाचा कोणी नाई. पोरींच्या जेवणासाठी गॅस पायजे होता, म्हणून पत्रिका छापली मी."

भाऊसाहेबांनी रुमालानं मान पुसली. एकदा मांडीवर खेळवलेला पोरगा असा कॅमेऱ्यापुढे खाली टाकून देता येत नाही. त्यांनी दोन क्षण डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. ते त्यांनी कुठून आणलं कोणास ठाऊक, पाण्याचीसुद्धा टंचाईच होती.

"ऐकलं?" ते लोकांना म्हणाले. "मायच्या तोंडून निघून नाई राह्यलं. मी सांगतो. मिथुन लग्न सोडून सीमेवर गेला."

कोणत्या सीमेवर, हे कोणी विचारलं नाही. मिथुन सैन्यात आहे हे त्या दिवसापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. माणसं उभी राहिली, टाळ्या वाजवायला लागली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"मले पोरगाच नाई, भाऊसाहेब," बायनाबाई म्हणाली.

भाऊसाहेबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "असं म्हनू नका, माय. आमी सगळे तुमचेच पोरं आहो." आणि हे सगळे पोरगे ताबडतोब पंगतीला बसले, कारण वीराच्या घरचं जेवल्याशिवाय जायचं नाही असं भाऊसाहेबांनी जाहीर केलं होतं.

बायनाबाई आत आली. स्वयंपाकघरात तांदळाची दोन पोती होती, डाळीचा डबा होता, कांदे होते. तिनं परात घेतली, पोत्यातून तांदूळ भरला आणि खुशबूच्या हातात दिली. खुशबूनं तांदळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असाच वाढू, मावशी?"

"असाच वाढ. टंचाई नाई म्हंते ना."

बावीस मुलींनी पत्रावळींवर कोरडे तांदूळ वाढले, त्यावर कच्ची डाळ, डाळीवर पळीभर पाणी, बाजूला कांद्याची फोड. पंगत भाऊसाहेबांकडे बघायला लागली. भाऊसाहेब कॅमेऱ्याकडे बघायला लागले. कच्चं आहे म्हणावं तर टंचाई आहे म्हटल्यासारखं होतं, आणि अफवेचं कलम त्यांनीच तर सभेत वाचून दाखवलं होतं. बायनाबाई दारात उभी होती. तिला वाटत होतं, दाणा दाताखाली आला की माणूस लाजेल. आता तरी लाजेल.

भाऊसाहेबांनी घास घेतला. करकर आवाज माइकमधून अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. त्यांनी तो पूर्ण चावला, गिळला.

"मस्त," ते म्हणाले. "भात कसा मोकळा झाला हाये."

मग पन्नास जण करकर चावायला लागले. कवळी लावलेले एक काका दाणे नुसते चघळत बसले आणि मान डोलावत राहिले. भाऊसाहेबांकडे तिकीट मागणाऱ्या एकानं दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं. बायनाबाई मागच्या दारानं मोरीवर गेली आणि ओकली.

जाताना भाऊसाहेबांनी जाहीर केलं की वीरमातेची चूल विझू देणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रफुल खरंच दोन मोठी सिलिंडरं घेऊन आला. दोन्हींना झेंडूचे हार होते. सोबत वीरमातेच्या मदतीचा एक कागद होता, त्यावर सही पाहिजे होती. मुलाचं नाव या रकान्यात बायनाबाईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मले मुलगा नाही. प्रफुलनं ते वाचलं.

"चालते," तो म्हणाला. "वर कोणी वाचत नाई."

मुली मैदानावरून येऊन दारात उभ्या होत्या, घामानं निथळलेल्या, कालपासून चिवड्यावर. बायनाबाईनं सही केली आणि शेगडी पेटवली.

बारा दिवस तिनं दोन्ही वेळ रांधलं आणि त्यातला एक दाणा तोंडात घातला नाही. ती पोहे भिजवायची, त्यावर कांदा, मीठ. खुशबूनं तिसऱ्या दिवशी ताट वाढून आणलं आणि समोर बसली.

"काऊन जेवत नाई, मावशी? भात तर तोच हाये."

"तू जेव. तुले धावायचं हाये. मले नाई धावायचं."

चाचणीच्या सकाळी मुली दोन जीपांत कोंबून गडचिरोलीला गेल्या. जीपवाल्यानं डिझेल महागलं म्हणून भाडं वाढवून घेतलं आणि युद्ध तिसऱ्या देशात गेल्याची बातमी फुकट दिली. जीपा दिसेनाशा झाल्यावर बायनाबाईनं रेग्युलेटर काढला. पहिलं सिलिंडर संपलं होतं, दुसरं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. ते तिनं आडवं केलं आणि पायानं ढकलत, गल्लीतून, चौकातून, भाऊसाहेबांच्या कार्यालयापर्यंत नेलं. रांगेतली चारशे माणसं त्या गडगडाटाकडे वळून बघत होती. प्रफुल बाहेर आला.

"अजून तर लई हाये त्याच्यात, बाई. परत काऊन करून राह्यल्या?"

"पोरी गेल्या," बायनाबाई म्हणाली. "माह्या घरी आता इतकं खोटं ठेवाले जागा नाई."

ती परत आली, मोरीवर हातपाय धुतले आणि फोटोपुढे उभी राहिली. दुपारी खुशबूचा फोन आला. आठशे मीटरमध्ये पूर्ण गुण पडले होते, गोळाफेक बाकी होती. मागे शिट्ट्या ऐकू येत होत्या. काही खाल्लंस का, असं बायनाबाईनं विचारलं. खुशबू म्हणाली, सकाळी तू दिलेला डबा संपवला, आणि तू जेवलीस का ते सांग.

बायनाबाईनं घरात पाहिलं. पोहे संपले होते.

"नाई," ती म्हणाली, "पण लई भूक लागली, पोरी. बारा दिवसांत पयल्यांदा."