डोळ्यातलं औषध

अर्धं डोकं झालं आणि रेडिओदादांची कात्री थांबली.

खुर्चीत बसलेल्या चित्रकलेच्या सरांना वाटलं, दादा आरशातून बाहेरचं काही बघतायत. मग मानेमागे बारीक शिट्टीसारखा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं. दादा शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा आधार घेऊन वाकले होते आणि श्वासागणिक त्यांची छाती वाजत होती.

“दादा, बसा आधी.”

“होईल... कमी. डावी बाजू... राहिलीय.”

“डावी बाजू गेली खड्ड्यात. चला.”

सरांनी गळ्याभोवतीचं कापड ओढून काढलं, शेजारच्या शिंप्याला दुकानाकडे बघायला सांगितलं, दादांना स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखाना गाठला. तिथे नंबर लावायची वेळच आली नाही. दादांच्या छातीचा आवाज डॉक्टरीणबाईंना आतल्या खोलीत ऐकू गेला होता.

दादांना रेडिओ हे नाव गिऱ्हाइकांनीच दिलेलं. सकाळी शटर वर गेलं की दादा सुरू व्हायचे ते शटर खाली येईपर्यंत. कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, कुठल्या गल्लीत पाणी आलं नाही, चेंडू आत आला की बाहेर गेला, सगळ्यावर त्यांचं मत तयार. पण गेल्या काही महिन्यांत रेडिओचा आवाज हळूहळू उतरत गेला होता. गिऱ्हाइकांना वाटलं, घरात काही बिनसलं असेल. घरात बायकोला वाटलं, दुकानात काही बिनसलं असेल. दादांना स्वतःला वाटत होतं, वय झालं. लहानपणी दमा होता, पण तो मिसरूड फुटायच्या आधीच गेला, अशी त्यांची समजूत. आता कात्री चालवायची आणि बोलायचं, दोन्हीला पुरेल एवढी हवा मिळत नव्हती. म्हणून त्यांनी बोलणं कमी केलं होतं. तक्रार कुणाकडे केली नव्हती.

नळीतून औषधाची वाफ घेतल्यावर छाती जरा मोकळी झाली. तोवर शिंप्याचा निरोप मिळून दादांची बायकोही धावत आली होती. तिचे हात अजून ओले होते.

“हा दमा आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गेला नव्हता, झोपला होता. आता रोज घ्यायचा पंप द्यावा लागेल. त्यात दोन औषधं आहेत. एक आतली सूज उतरवतं, दुसरं नळ्या उघड्या ठेवतं. पण त्याआधी मी विचारते त्याची नीट आठवून उत्तरं द्या.”

“विचारा.”

“हृदयाचं काही दुखणं? छातीत धडधडतं?”

“नाही.”

“बीपी, साखर, थायरॉईड?”

“नाही.”

“टीबी कधी झाला होता?”

“नाही बाई.”

“दुधाचा त्रास होतो?”

दादा गोंधळले. “पंपात दूध असतं?”

“काही पंपांच्या पावडरीत दुधातली साखर असते. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे, त्याला चालत नाही.”

“ह्यांना ॲलर्जी?” बायको म्हणाली. “घरात साय लपवून ठेवावी लागते.”

बाईंनी हसून पुढचा प्रश्न विचारला. “दुसरं कुठलं औषध चालू आहे?”

“काहीच नाही. मी गोळीच्या वाटेला जात नाही.”

बाई लिहायला लागल्या. बायकोने पदराला हात पुसले आणि हळूच म्हणाली, “अहो, आणि ते डोळ्यात घालता ते?”

“अगं, ते डोळ्याचं. बाई छातीचं विचारतायत.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “कसले थेंब?”

“काचबिंदूचे,” दादा म्हणाले. “बाटली दुकानात असते. खणात.”

सर पुन्हा स्कूटरवर बसले. उजवीकडे कापलेले, डावीकडे कानावर आलेले केस वाऱ्यावर उडवत ते भर बाजारातून गेले आणि बाटली घेऊन आले. वाटेत त्यांच्या वर्गातली दोन मुलं भेटली, पण सरांनी ओळख दाखवली नाही.

बाईंनी बाटलीवरचं बारीक अक्षर खिडकीपाशी नेऊन वाचलं.

“हे घ्यायला लागल्यापासूनच दम लागतोय ना?”

दादांनी बायकोकडे पाहिलं. दोघंही मनात मागे जाऊन आले. “तसंच असेल,” बायको म्हणाली.

“डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो. डोळ्याला हे औषध चांगलंच आहे. पण दमा असलेल्या माणसाच्या छातीतल्या नळ्या ते आवळतं. मी वरून पंप दिला असता, तर एक औषध नळ्या उघडतंय आणि दुसरं बंद करतंय, असा खेळ झाला असता. डोळ्याच्या डॉक्टरांनी दम्याचं विचारलं नव्हतं का?”

“विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तेव्हा होता कुठे?”

दादांनी ती बाटली हातात घेऊन पाहिली. त्यांचे वडीलही केस कापायचे. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली, आणि एका दुपारी गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. त्या दिवसापासून वडील दुकानात नुसते बसून राहायचे. पायांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे, पण वस्तरा पुन्हा हातात घेतला नाही. म्हणून दादांनी ते थेंब एकदाही चुकवले नव्हते. एखाद्या दिवशी भीती वाटली तर एक जास्तीचाही घातला होता.

“म्हणजे बाई,” ते म्हणाले, “डोळे ठेवू की श्वास ठेवू, असं आहे का?”

“तसं नाही. दोन्ही राहतील. हे थेंब बंद, पण डोळ्याचा इलाज बंद करायचा नाही. दुसरे थेंब असतात. मी आत्ताच तुमच्या डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करते.”

फोन झाला, नवे थेंब मिळाले आणि पंप सुरू झाला. बाईंनी दादांना तो समोर ओढायला लावला. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग ओढायचा, मग धरून ठेवायचा. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचा नाही. एकदम दम लागला तर हा नाही, त्याला दुसरा लहान पंप, तो कायम खिशात. त्यानेही भागलं नाही तर सरळ दवाखान्यात. आणि घेतल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं, आवाज बसतो.

“आवाज बसला तर ह्यांचं दुकानच बसेल,” बायको म्हणाली. तेव्हापासून ती मोरीच्या दाराशी उभी राहून चुळा ऐकायची.

श्वास काही एका दिवसात परतला नाही. आधी जिना चढणं सोपं झालं, मग सलग झोप लागायला लागली. दुकानातून पावडरचा डबा आणि सुगंधी फवारा गेला. मान आता ओल्या पंचाने पुसली जाऊ लागली. गिऱ्हाइकं सल्ले देत.

“दादा, पंपाची सवय लागते हां.”

“चष्म्याची तुम्हाला लागलीच की,” दादा म्हणत आणि तिथून जे सुरू होत, ते त्याची दाढी संपेपर्यंत. चित्रकलेच्या सरांनी तर एकदा तोंडावर सांगितलं, “दादा, मध्यंतरी बरं होतं. अर्ध्या तासात सुटका व्हायची.”

त्याच सुमारास निवृत्त पोस्टमास्तरांची सून दुकानात आली. मास्तर जुनं गिऱ्हाईक. दादांचं प्रत्येक मत खोडून काढणारा तो एकमेव माणूस. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती.

“घरी येऊन दाढी कराल का? दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून विचारायला अवघड वाटत होतं.”

“येतो की,” दादा म्हणाले.

ते सावकाश चढून गेले. उशीला टेकवलेल्या मास्तरांच्या गालांवर फेस लावला, वाकड्या झालेल्या बाजूची कातडी बोटांनी हलकेच ताणून धरली आणि बोलायला लागले. नवा पूल चुकीच्या जागी बांधलाय, असं त्यांचं म्हणणं होतं.

“बरोबर आहे की नाही, मास्तर?”

विचारून त्यांनी वस्तरा गालापासून वर उचलला. मास्तरांना वाद घालताना लागायचा तेवढा वेळ तो तसाच धरून ठेवला. मास्तरांचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते.

“तसं म्हणता?” दादा म्हणाले. “मग तेही खरंच.”

आणि त्यांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला.