लाल बोटांचा भाऊ आणि बटणांचे डोळे

मित्रांनो, हसायचे असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुना मोजा आहे! राखाडी लोकरीचा, वरती दोन लाल पट्टे आणि टाचेला हिरवे ठिगळ. वासाची काळजी करू नका, मला रोज धुतात.

मला आत्याने चार सुयांवर विणले. आधी घोट्याचा घेर, मग टाच आणि सगळ्यांत शेवटी बोटे. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सारे अडणार आहे. माझ्यानंतर दोन दिवसांनी माझा भाऊ विणून झाला. आम्ही दोघे आत्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे भिंगरी नावाच्या मुलीच्या बाबांच्या पायांत गेलो.

बाबा शीतगृहात काम करतात. तिथे बाराही महिने हिवाळा! गोठवलेल्या वाटाण्याची खोकी उचलायची, रचायची, गाडीत भरायची. गमबुटाच्या आत आम्ही दोघे त्यांच्या बोटांना घट्ट धरून असायचो. घरी आले की ते म्हणायचे, "ताई, हे मोजे नाहीत गं, पायांत घातलेली शेकोटी आहे!" ऐकून आमची लोकर फुलून यायची.

पुढे आमच्या टाचा झिजल्या. राखाडी लोकर संपली होती, म्हणून आत्याने हिरवी वापरून रफू केले. त्यानंतर तिची नजर अधू झाली. सुईवरचे टाके दिसेनात. तिने सुया गुंडाळून कपाटात ठेवल्या. तेव्हा आम्ही तिच्या हातची शेवटची जोडी.

या घरात आईचा एक नियम आहे. ज्या कपड्याला ठिगळ लागले, तो मुलांच्या उद्योगपेटीत; फक्त आम्हा दोघांना बाबांनी त्यातून वगळले होते. त्या पेटीत चिंध्या, दोरे, रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे असतात आणि बटणांनी भरलेला एक पत्र्याचा डबा. हिवाळ्याची सुट्टी लागली की पेटी खोलीच्या मधोमध येते. मग काय विचारता! वर्तमानपत्राच्या घड्या घालून, कोपरे कातरून हिमफुले होतात. पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचे पक्षी होतात. भिंगरी आठ वर्षांची, नावाप्रमाणे एका जागी न ठरणारी. तिचा भाऊ ढब्बू चार वर्षांचा, नावाप्रमाणे बसेल तिथून न उठणारा.

यंदा पहिल्याच दिवशी भिंगरीने बाटलीत कापूस भरून बर्फाचा माणूस केला, नाव बर्फू. त्याला मिरीचे डोळे लावले आणि गळ्यात लाल लोकरीचे दहा फेरे गुंडाळून मफलर केला. फक्त टोपी राहिली. समोर दोरीवर आम्ही वाळत होतो. बाबा पहाटेच आम्हाला गमबुटात घालून जात, त्यामुळे आमच्या टाचा तिने कधी पाहिल्याच नव्हत्या. आज तिला माझ्या भावाचे हिरवे ठिगळ दिसले. ठिगळ म्हणजे पेटीतला! तिने त्याला ओढले आणि कचकन त्याची बोटे कापली. टोपी झाली अगदी झकास!

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांचा आवाज आला, "अगं, माझा दुसरा मोजा कुठंय? ताईने विणलेला?"

अंथरुणात भिंगरीने पांघरूण डोक्यावर ओढले. बाबा गेल्यावर तिने टोपी उतरवली आणि भावाचे दोन्ही तुकडे पेटीच्या तळाशी लपवले. ढब्बू विचारत राहिला, "बर्फूची टोपी कुठंय?" "त्याला उकडतंय," ती म्हणाली.

चार दिवस बाबा एका पायात मला आणि दुसऱ्या पायात साधा सुती मोजा घालून गेले. पाचव्या दिवशी त्यांनी गरम पाण्यात पाय सोडले. एका पायाची बोटे लाल होऊन सुजली होती. भिंगरी टॉवेल घेऊन उभी होती.

बाबांनी मला तिच्या हातात दिले. "घे, याचा जोडीदार काही सापडत नाही. तुझ्या उद्योगाला होईल. रविवारी मला सुट्टी आहे, मस्त खेळ दाखव."

मित्रांनो, माझे नशीब पालटले! उद्योगपेटीतला मी राजाच झालो. तुम्हीही करून बघा, अगदी सोपे आहे. मोज्यात हात घालायचा. बोटांकडचा भाग अंगठा आणि चार बोटांमध्ये चिमटला की झाले तोंड. आत लाल चिंधीची जीभ. वर दोन बटणे, ती सैल दोऱ्याने शिवायची, म्हणजे डोळे हलतात. लोकरीचे तुकडे मधोमध बांधले की केस. ढब्बूने माझ्यासाठी एक मोठे काळे बटण निवडले आणि एक छोटे निळे. मी जगाकडे पहिल्यांदा पाहिले ते तिरके!

रविवारी आडव्या खुर्चीवर चादर टाकून रंगमंच झाला. समोर बाबा, आई, आत्या. भिंगरीने मला वर उचलले.

"अहो मालक, ऐकताय का?"

"बोला, मोजेराव!" बाबा म्हणाले.

"काल तुमचे पाय धुतलेत का?"

सगळे खदखदून हसले. मग भिंगरीने माझी मान खाली झुकवली.

"मालक, माझा भाऊ हरवला नाही. त्याला कुणीतरी कापलंय."

"अरे बापरे! कुणी?"

"मी ज्या हातावर आहे ना, त्याच हाताने."

बाबांचे हसू थांबले. त्यांनी आत्याकडे पाहिले. भिंगरी चादरीमागून बाहेर आली, एका हातात मी, दुसऱ्यात भावाचे तुकडे. "ठिगळ दिसलं म्हणून वाटलं, टाकलेला आहे... आणि मग तुमचा पाय सुजला."

"पाय होईल बरा," बाबा हळूच म्हणाले. "पण तो मोजा परत कुठून येणार गं?"

तेवढ्यात आत्या ताडकन म्हणाली, "कुठून कापलास? वरून की बोटांकडून?"

"बोटांकडून."

"मग रडतेस काय, वेडे! आण इकडे!" तिने भावाला चाचपले. तिची बोटे कापलेल्या कडेवर भराभर फिरली. "विणकाम संपतं तिथूनच ते सरळ उसवतं. बोटं मी शेवटी विणली होती. दोन ओळी उसवू, मोकळे टाके सुईवर घेऊ आणि नवी बोटं विणू! माझे डोळे कोण होणार?"

"मी!" भिंगरी ओरडली. "मीपण!" ढब्बूही ओरडला आणि चक्क उठून उभा राहिला.

कपाटातून सुया निघाल्या! भिंगरी सांगायची, "आत्या, एक टाका निसटला, डावीकडे!" आत्या पकडायची. राखाडी लोकर नव्हती, म्हणून बर्फूने आपला मफलर दिला. तीन दिवसांत भावाला लालभडक बोटे आली.

बाबांनी त्याला पायात घालून बघितले, बोटे हलवून बघितली. "ताई, पुन्हा शेकोटी पेटली!" मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि मोजेरावांचं काय? डोळे लावून कामावर न्यायचे की काय?"

"बटणं टोचतील," आई म्हणाली. म्हणून तोडगा निघाला. सुट्टी संपली की माझे डोळे उसवायचे आणि सुट्टी लागली की पुन्हा शिवायचे. सुट्टीतल्या दिवसांसाठी आईने बाबांना बाजारातले जाड लोकरी मोजे आणले.

तेव्हापासून वर्षभर मी भावाशेजारी गमबुटात असतो आणि सुट्टीत रंगमंचावर. मित्रांनो, हे सारे घडले, कारण कुणी तुकडे फेकले नाहीत आणि शेवटी कुणीतरी खरे बोलले. कात्री चालवण्याआधी एकदा विचारा. चुकून चाललीच, तर तुकडे जपून ठेवा आणि लगेच सांगा. तोंडाने सांगवत नसेल, तर एखादा मोजा हातात घाला. आम्ही नाही म्हणत नाही.

थांबा, थांबा! पत्र्याचा डबा खुळखुळला! ढब्बू बटणे शोधतोय. म्हणजे उद्यापासून सुट्टी!